पन्नास रुपयेही घ्या : मदत वाटणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि परिसरातल्या तालमी, तरुण मंडळं, गणेशोत्सव मंडळं आणि मदतीचं काम करणाऱ्या सगळ्या संस्थांचे अध्यक्ष, खजिनदार आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या बैठकांत तुमच्यापैकी काही मंडळांनी मदतीची पद्धत बदलायचं ठरवलं आहे. एक हजार रुपयांच्या खालची वर्गणी मदतनिधीत घ्यायची नाही, कारण पावत्या फाडायला माणसं पुरत नाहीत. सुटं सामान घ्यायचं नाही. आणि वर्षभर किरकोळ मदत करत बसण्यापेक्षा सगळा निधी एकत्र करून एकाच दिवशी, एकाच कार्यक्रमात मोठं किट वाटायचं. ज्याला हवं त्यानं आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन हजर राहायचं.

तुमच्या हेतूबद्दल आमच्या मनात शंका नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात छातीएवढ्या पाण्यात उतरून म्हाताऱ्या माणसांना पाठीवरून बाहेर काढणारी पोरं तुमच्याच तालमीतली होती. पण हा निर्णय चुकला आहे, आणि तो पावसाआधी मागं घ्यावा म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत. आम्ही गल्लीतल्या याद्या करणारी, लक्ष्मीपुरीच्या बाजारातून माल उचलून पिशव्या बांधणारी आणि पुराच्या वेळी लोकांना शाळांत हलवलं की तिथल्या वर्गखोल्यांत त्या पिशव्या नेऊन पोचवणारी माणसं आहोत. तुमच्या निर्णयाचा पहिला फटका कुणाला बसतो ते आम्हाला यादीत दिसतं.

पहिली तक्रार वर्गणीच्या मर्यादेबद्दल आहे, आणि ती आम्हाला सगळ्यात जास्त लागली आहे. पन्नास रुपये कोण देतं? धुणीभांडी करणारी मावशी, रिक्षावाले काका, उद्यमनगरातला कामगार, भाजीची पाटी घेऊन बसणारी आक्का. यातली कितीतरी घरं पुढच्या अडचणीत घेणाऱ्यांच्या यादीत असतात. ज्या घरानं मे महिन्यात पन्नास रुपये दिले, ते घर ऑगस्टमध्ये आठशे-नऊशेची पिशवी मान वर करून घेतं, कारण त्या निधीत त्याचाही वाटा असतो. त्याचे पन्नास रुपये तुम्ही नाकारले, की तेच घर उद्या तुमच्या दारात याचक म्हणून उभं राहतं, नाहीतर उभंच राहत नाही. अडचणीतलं निम्मं काम या न येणाऱ्या घरांपर्यंत पोचण्याचं असतं. ती घरं तुम्ही स्वतःहून लांब करत आहात.

आणि रक्कम लहान म्हणून काम लहान, हे आपल्या जिल्ह्यानं तरी म्हणू नये. कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहं चालवली ती मुष्टीफंडावर. दळायला बसण्याआधी बाईनं मूठभर धान्य बाजूला काढून मडक्यात टाकायचं आणि ते गोळा करून पोरांच्या जेवणाला जायचं. मुठीत फार तर ४०-५० ग्रॅम धान्य मावतं. महिन्याला एका घरातून सव्वा-दीड किलो आणि पन्नास घरांतून साठ ते पंचाहत्तर किलो. आजही ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ म्हटलं की गल्लीगल्लीतून पोळ्या निघतात, त्या एका घरातून दोन आणि दुसऱ्यातून पाच अशाच येतात. मुस्लिम घरांत फितरा, म्हणजे रमजान ईदचं दान, ईदच्या नमाजाआधी पोचवायचा असतो, कारण घेणाऱ्याच्या घरीही त्या दिवशी ईद व्हायला हवी. रक्कम माणशी थोडीशीच. तिची वेळ मात्र चुकवायची नाही. ही समज आपल्याकडं आधीपासून आहे, कुठून नव्यानं आणायची नाही.

आता हिशेब. एका गल्लीत ४० घरं धरा. प्रत्येकानं आठवड्याला २० रुपये दिले तर आठवड्याचे ८०० आणि महिन्याचे ३,२०० रुपये होतात. यात तीन-चार घरांची किराणा पिशवी होते, किंवा एका घराची उधारी, एका पोराचा एसटीचा पास आणि एका म्हातारीचा चष्मा होतो. ही रक्कम दर महिन्याला येते आणि त्याच गल्लीत लागते. पावत्यांचा त्रास आम्हाला मान्य आहे, पण त्यावर उपाय आहे. १०, २० आणि ५० रुपयांची अनुक्रमांक घातलेली कूपन पुस्तकं छापा, गल्लीला एक पुस्तक द्या, पुस्तक कुणाकडं आहे ते वहीत लिहा आणि रिकामं पुस्तक परत आल्याशिवाय दुसरं देऊ नका. क्यूआर कोडवर आलेल्या पैशांची नोंद बँकेच्या उताऱ्यात आपोआप होते. तो कोड मात्र मंडळाच्या खात्याचा हवा, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा नको. नोंदणी नसलेल्या मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ सी खालची परवानगी लागते. गणपतीला तुम्ही ती काढता, हिशेबही देता. मदतीच्या वर्गणीलाही तीच शिस्त लावा.

दुसरी तक्रार मोठ्या किटची. पैसा सगळ्यात जास्त तिथंच वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१० किलो तांदूळ, १० किलो आटा, २ किलो साखर, २ लिटर तेल, १ किलो डाळ आणि वर मंडळाचं नाव छापलेली पिशवी, असं हे किट असतं. वजन पंचवीस किलोच्या घरात. दिसायला भरघोस. पण ज्या घरात ते जातं तिथलं चित्र बघा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयाला म्हणजे सगळ्यात गरीब घरांना घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पाच माणसांच्या घरात २५ किलो तांदूळ-गहू येतच असतात. तिथं संपलेलं असतं तेल, डाळ, चहापत्ती, साबण आणि गॅस. नेहमीच्या रेशनवर यातलं काही मिळत नाही. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिलं, त्याचं लोकांना एवढं अप्रूप वाटलं ते याचमुळं. तुमचं किट घरी गेलं की आधीच असलेल्या तांदळावर आणखी तांदूळ पडतो. मग ते घर तांदूळ पडत्या भावात दुकानात देतं आणि त्या पैशांत तेल आणतं. त्यांना नावं ठेवू नका, ते बरोबरच करतात. चूक किट भरणाऱ्याची असते.

धान्याची खरी गरज कुठं असते? ज्यांचं कार्ड नाही, केशरी कार्ड आहे पण प्राधान्य यादीत नाव नाही, ई-केवायसी म्हणजे आधारची पडताळणी राहिली म्हणून नाव बंद पडलं, भाड्याच्या खोलीत राहतात आणि कार्ड अजून गावाकडं आहे, अशा घरांत. आणि ज्यांचा अंगठा रेशन दुकानातलं मशीन घेत नाही त्यांच्या घरात. फौंड्रीत वाळू-लोखंड हाताळणाऱ्याच्या आणि रोज चार घरची भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. दुकानदार दोनदा-तीनदा अंगठा दाबून बघतो, रांग मागून ओरडते आणि बाई रिकामी पिशवी घेऊन परत येते. तिला किटापेक्षा तिच्याबरोबर दुकानात उभं राहणारं माणूस हवं असतं: दुसऱ्या बोटाचा ठसा लावून बघणारं, घरातल्या दुसऱ्या सभासदाला पाठवायला सांगणारं, मोबाईल नंबर जोडून देणारं. याला पैसा लागत नाही, अर्धा दिवस लागतो. बाहेरगावच्या किंवा परराज्यातल्या मजुराला त्याच्या कार्डावर इथल्या दुकानातही धान्य उचलता येतं, हे कितीतरी जणांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून याद्या दोन करा. धान्य लागणारी घरं वेगळी आणि वरचं सामान लागणारी वेगळी. वरच्या सामानाची पिशवी पाच माणसांच्या घराला आठ-दहा दिवस टेकू देईल अशी बांधायची तर असं प्रमाण बसतं: तूरडाळ १ किलो, मसूर अर्धा किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, चहापत्ती पाव किलो, मीठ १ किलो, पोहे १ किलो, शेंगदाणे अर्धा किलो, कांदा-लसूण चटणी पाव किलो, कांदे १ किलो. वजन साडेसात किलोच्या आत राहतं. साठीतली बाई ती एका हातात धरून जिना चढू शकते. पंचवीस किलोच्या किटाला रिक्षा करावी लागते आणि रिक्षाचे पैसे ज्याच्याकडं नाहीत त्यालाच तुम्ही बोलावलेलं असतं. भाव वरखाली होतात, पण घाऊक घेतलं तर ही पिशवी आठशे रुपयांच्या आसपास पडते.

चटणी वगळू नका. आपल्याकडं वर्षाची चटणी उन्हाळ्यात एकदाच होते. मिरची आणायची, वाळवायची, मसाले भाजायचे, डंकावर कांडून आणायची. ज्या घरात एप्रिल-मेमध्ये या खर्चाला पैसे नव्हते, ते घर वर्षभर दहा-दहा रुपयांच्या पुड्या आणतं आणि शेवटी दुप्पट पैसे घालतं. मे महिन्यात दोन किलो मिरची आणि मसाल्याचं सामान दिलेलं घर पुढचे बारा महिने निदान चटणी-भाकरीला मोकळं होतं. आमच्या मते ही कोल्हापुरातली सगळ्यात चांगली लहान मदत आहे, आणि ती कुठल्याच मंडळाच्या यादीत नसते.

साबण वेगळ्या पिशवीत. अंगाचे २ साबण, कपड्यांच्या २ वड्या, दातांची पेस्ट, सॅनिटरी पॅडचं एक पाकीट. कपड्यांची पावडर पोह्यांशेजारी ठेवली तर पोह्यांना तिचा वास लागतो, आणि चहापत्तीला त्याहून आधी. तो चहा कुणी पीत नाही. तेलाची पिशवी तळाला गेली की दबून फुटते आणि अख्खं पाकीट चिकट होतं. ती सगळ्यात वर, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा. पावसात आटा आणि रवा आठ दिवसांच्या वर साठवू नका, आळ्या होतात. गूळ कागदात बांधाल तर पाझरतो. आदल्या रात्री शंभर पिशव्या भरल्या की दहाएक पिशव्या काट्यावर पुन्हा मोजून बघा. घाईत डाळ दोनदा पडलेली आणि मीठ राहिलेलं हमखास सापडतं.

तिसरी तक्रार एकाच दिवसाची. घरातली तंगी तुमच्या कार्यक्रमाची तारीख बघून येत नाही. जूनच्या मध्याला शाळा सुरू होते आणि त्याच वेळी पावसानं बांधकामाची कामं थांबतात. सेंट्रिंगवाला आणि गवंड्याच्या हाताखालची बाई, दोघंही घरी बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये पूर. महिन्याच्या वीस तारखेनंतर गॅस संपणं. आठवड्याच्या ठरल्या वारी बचत गटाचा नाहीतर फायनान्सचा हप्ता. या हप्त्याच्या दिवशी ५०० रुपये कमी पडले की ते शेजारणीकडून नाहीतर सावकाराकडून येतात आणि पुढचे दोन महिने त्याच्या व्याजात जातात. त्या दिवशी हातात पडलेले ५०० रुपये दिवाळीच्या दोन हजारांच्या किटापेक्षा जास्त वाचवतात. शिवाय कार्यक्रम पाहुण्यांच्या वेळेनं होतो. दहाला बोलावलेल्या बायका दोनपर्यंत बसतात, दोन घरची कामं बुडतात आणि खाडा पडतो.

लहान मदत वेळेवर पोचवायची एक वाट आमच्या अनुभवात सगळ्यात खात्रीची आहे: किराणा दुकानातली उधारीची वही. गल्लीतला दुकानदार घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंपेक्षाही आधी ओळखतो की कुठलं घर अडचणीत आहे. तेल लिटरवरून पावशेरावर येतं, चहापत्ती पाच रुपयांच्या पुडीवर येते, मग पोरगं एकटंच यायला लागतं, आणि एक दिवस ते घर दुसऱ्या दुकानात जायला लागतं, कारण इथली बाकी भागत नाही. तिथं जाऊन ५०० किंवा १,००० रुपये त्या खात्यावर जमा करा. पद्धत अशी ठेवा: वहीचं पान स्वतः बघा, बाकी एकरकमी न फेडता तारीखवार ओळी बघून फेडा, म्हणजे जुनं फुगवलेलं काही त्यात बसत नाही, फेडलेल्या ओळींवर काट मारून शेजारी तारीख लिहून घ्या, आणि कुणी भरले ते सांगायचं नाही हे दुकानदाराशी आधीच बोलून घ्या. दारू-तंबाखूच्या ओळी असतील तर त्या सोडा, त्यावर भाषण देऊ नका. बाकी कमी झाली की ते घर आपल्याला काय हवं ते स्वतः मागून नेतं. साबण न्यायचा की शेंगदाणे, हे ठरवणारे आपण कोण?

शाळेचंही असंच आहे. पहिली ते आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पुस्तकं फुकट मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. तरी पुस्तकांचे संच वाटले जातात ते पाचवी-सहावीला. हार-तुऱ्यांऐवजी वह्या घ्यायची पद्धत आपल्याकडं रुजली हे फार चांगलं झालं, पण येणाऱ्या वह्या बहुतेक १०० पानी आणि एकेरी रेघांच्या असतात. चौथीच्या पोराला चौकटीची आणि चार रेघांची वही लागते, दहावीच्या मुलीला २०० पानी लाँगबुक आणि प्रयोगवही लागते. देणाऱ्यांना आधीच प्रकार सांगा, ते आनंदानं त्याच आणतात. गावाकडून येणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मुलांना सवलतीत विकत घ्यावा लागतो. त्या पासाला पैसे नाहीत म्हणून पोरगं महिन्यातले आठ दिवस घरी बसतं. हे वर्गशिक्षकांना माहीत असतं, त्यांना विचारा.

आता पुराबद्दल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आपल्या शहरात पोरासोरांनाही पाठ आहेत. सुतारवाड्यात, जामदार क्लबाकडं, शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला, चिखली-आंबेवाडीत पाणी कुठल्या क्रमानं शिरतं हेही ठाऊक आहे. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला आणि बाहेरून पेट्रोल, दूध, भाजी येणं थांबलं. अशा दिवसांत बाहेरची मोठी मदत शहरात पोचूच शकत नाही. उपयोगी पडतं ते गल्लीत आधीपासून भिंतीला लावून ठेवलेलं सामान, आणि ते लहान वर्गण्यांतूनच जमतं. मोठा निधी पाणी शिरल्यावर, फोटो फिरायला लागल्यावर येतो.

आणि पुरातली गरज दर तीन दिवसांनी बदलते. पाणी ३५-३६ वर असताना घराला हवा असतो जाड प्लॅस्टिकचा बंद होणारा फोल्डर. रेशन कार्ड, आधार, पासबुक, शाळेचे दाखले, रोजच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, सगळं त्यात. किंमत वीस-तीस रुपये. तो नसला की पुढचे सहा महिने दाखल्यांच्या मागं जातात. पहिले तीन दिवस शाळेत चूल नसते, तिथं डाळ-तांदूळ काय कामाचे? चुरमुरे, शेंगा, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, पाणी, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि ओआरएस लागतात. मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच टाकायचं आणि पाणी अर्धा तास तसंच ठेवून मग प्यायचं. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट, अर्धा तांब्या असं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. एका वर्गात आठ-दहा कुटुंबं असतात, म्हणून वर्गाला २५ मीटर नायलॉनची दोरी आणि चिमटे द्या. ओली लुगडी बाकांवर पसरली की रात्री टेकायला जागा उरत नाही. ही दोरी दोनशे रुपयांच्या आत येते आणि आजवर आम्ही ती कुठल्या किटात पाहिलेली नाही.

पाणी उतरताना वेळ चुकली की कष्ट दुप्पट होतात. गाळ ओला असतानाच निघतो, वाळला की फरशीला सिमेंटसारखा धरतो. त्यामुळं खराटे, फावडी, पाट्या, रबरी हातमोजे आणि गमबूट आधीच तयार हवेत. चार घरांना एक संच पुरतो. टीसीएल (ब्लिचिंग) पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका, त्यातून निघणारा वायू छातीला बाधतो. दोन्ही एकाच पिशवीत देऊच नका. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही, आणि त्या वायरमनचे पैसे हीसुद्धा मदतच आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घर धुण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेला कपाट-बिछाना आणि दारावरचा नंबर दिसेल असे. लोक लाजेनं आणि घाईनं आधी घर स्वच्छ करतात, पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा दाखवायला काही उरलेलं नसतं. तुमच्या मंडळातल्या कॉलेजच्या पोरांनी दोन दिवस फक्त हे फोटो काढून दिले तरी फार होईल.

कपड्यांचं थोडक्यात. २०१९ ला रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग सगळ्यांनी पाहिले आहेत. फाटकं, मळकं, न धुतलेलं घेऊ नका आणि देणाऱ्याला तसं तोंडावर सांगा. हवे असतात ते नवे आतले कपडे, परकर, गाऊन, टॉवेल, लहान पोरांच्या चड्ड्या, आणि प्रत्येकावर मापाची चिठ्ठी. परकर-ब्लाऊजशिवाय आलेली साडी त्या दिवशी नेसता येत नाही. सत्तरीतल्या आजीला पाचवारी चालत नाही. नऊवारीच्या दहा-बारा वेगळ्या काढून ठेवा.

शेवटची तक्रार फोटोची. किट हातात देताना पाच जणांनी धरून काढलेला फोटो गल्लीच्या ग्रुपवर जातो, तिथून पोराच्या वर्गात जातो आणि मुलगी दाखवायच्या वेळी पाहुण्यांच्या फोनवर निघतो. आधार कार्डाच्या झेरॉक्सचे गठ्ठे कार्यक्रमानंतर खुर्च्यांखाली सापडतात. डाळ-तेलाच्या पिशवीसाठी आधार लागत नाही. देणाऱ्यांना पुरावा हवा हे खरं, तर पिशव्यांचा फोटो काढा, दुकानाचं बिल लावा आणि क्रमांकाची चिठ्ठी परत घेऊन वहीत चिकटवा. हिशेब तेवढ्यानं पुरा होतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

वर्गणीची खालची मर्यादा काढून टाका. दहा रुपयेसुद्धा घ्या, आणि ते देणाऱ्याला हजार देणाऱ्याइतकाच चांगला शब्द बोला.

सुटं सामान घ्या, पण काय हवं, किती हवं आणि कोणत्या मापाचं, याचा फलक मंडळाबाहेर लावा आणि दर आठवड्याला बदला.

निधीचे तीन भाग करा: एक पुरासाठी राखीव, एक जूनमधल्या शाळेसाठी, एक वर्षभराच्या अडीनडीसाठी. अडीनडीच्या पैशाला बैठकीची वाट बघायला लागू नये. ५०० रुपयांपर्यंत गल्लीतल्या दोघांच्या सहीनं त्याच दिवशी देता यावेत, त्यातली एक सही बाईची असावी. हिशेब दर महिन्याला फलकावर लावा, रकमेसकट; घेणाऱ्याचं नाव नको.

यादी मंडळाच्या ओळखीतून करू नका. आशाताई, अंगणवाडीच्या ताई, वर्गशिक्षक आणि किराणा दुकानदार, या चौघांपैकी दोघांनी सांगितलेलं घर यादीत घ्या. भाडेकरू आणि बाहेरून आलेले मजूर त्यात आहेत का ते वेगळं तपासा.

वाटप घरपोच, अंधार पडल्यावर. स्टेज नको, फोटो नको, आधारची झेरॉक्स नको. ज्या घरी आजारी माणूस दवाखान्यात आहे तिथं पिशवीऐवजी रोख द्या. उपचाराचा खर्च बऱ्याचदा सरकारी योजनेतून होतो, पण जवळ बसलेल्या माणसाचं जेवण आणि गावाकडच्या फेऱ्या त्यात येत नाहीत.

कूपन पुस्तकं सांभाळायला, पिशव्या बांधायला आणि दुकानादुकानांतून वह्या बघायला माणसं आम्ही देतो. संध्याकाळी सातनंतर तुमच्या तालमीत येऊन बसायची आमची तयारी आहे, तुम्ही वार कळवा. मृग निघाला आहे. आर्द्रा लागायच्या आत पुस्तकं छापून झाली, तर पाणी ३९ वर जायच्या आधी प्रत्येक गल्लीत पिशव्या, दोऱ्या आणि फोल्डर भिंतीला लागलेले असतील.

कळावे.

आपलेच,
गल्लोगल्ली पिशव्या बांधणारे कार्यकर्ते,
कोल्हापूर